ग्विलिम प्रोसरचा घाटकोपरमधला आवाज

घाटकोपरच्या भटवाडीत येऊन बाळकृष्ण घाडीगावकर कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक तुम्हाला कोर्टाचा माणूस समजून कानावर हात ठेवतील. 'बाळा प्रोसर' म्हणालात, तर अख्खी गल्ली दाराशी आणून सोडेल आणि वर विचारेल, "आवाज ऐकायला आलात? मग जेवून आलात ना?"

ग्विलिम प्रोसर हा वेल्सचा नट. वय ऐंशीच्या पुढे. लंडनच्या रंगभूमीवर राजेमहाराजे करून मोठा झाला, मग सिनेमात गेला आणि जगभर पोचला. त्याचे सिनेमे आपल्याकडे हिंदीत यायला लागले, तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो आमच्या बाळाकाकांचा. म्हणजे कानपूरपासून कटकपर्यंत ज्या कोणी प्रोसरला टीव्हीवर गर्जताना ऐकलं, त्यांनी खरं तर भटवाडीतल्या एका गिरणी कामगाराचा मुलगा ऐकला. प्रोसर हिंदीत 'मैं' म्हणायचा तेव्हा त्याला किंचित देवगड लागायचं. कानपूरवाल्यांना वाटलं, वेल्सचे लोक असेच बोलत असतील.

मी काकांच्या खोलीवरच्या पोटमाळ्यावर भाड्याने राहतो. देऊळगाव राजाच्या शाळेत मराठीत पहिला यायचो, तेवढ्या भांडवलावर अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत संवाद लिहितो. ते कामही काकांनीच मिळवून दिलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट लिहिणं बरं दिसणार नाही. तरी प्रयत्न करतो.

पहिल्याच आठवड्यात मी चूक केली. म्हणालो, "काका, तुमचा तो इंग्रज नट..."

"इंग्रज नाय रे! वेल्सचो. तेका इंग्रज म्हटलंस तर उठान जायत तो."

"फरक काय त्यात?"

"तुका कोणी पुण्याचो म्हटल्यान तर चलात?"

मला चाललं असतं. पण काकांच्या चेहऱ्यावरून विषय गंभीर आहे एवढं कळलं.

प्रोसरचं चरित्र काका रविवारी मासे जेवून झाले की सांगतात. बाप कोळशाच्या खाणीत. घरात भावंडांची रांग. चर्चमध्ये पाठांतराच्या स्पर्धा व्हायच्या, त्यात पोराचा आवाज मास्तरांच्या कानावर पडला. मास्तरांनी त्याला डोंगरावर नेऊन उभा केला आणि स्वतः खालच्या ओढ्यापाशी जाऊन थांबले. म्हणाले, बोल, ओरडायचं नाही, आणि मला इथे ऐकू आलं पाहिजे. मग लंडन. मग राजे, सेनापती, सिनेमा, दारू, मान, पुन्हा दारू.

"आणि तीन लग्ना," स्वयंपाकघरातून रुक्मिणीकाकू. "ती सांगूक इसरू नकात."

"कलावंत होतो गो तो."

"तुमी पण कलावंतच मां? तुमचा एकातच कसा भागला?"

काकांचं स्वतःचं चरित्र याच्या एक-चतुर्थांश वेळात संपतं. जन्म लालबागच्या चाळीत. बाप गिरणीत, साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. बाळाही 'बदली', म्हणजे हंगामी कामगार, म्हणून गिरणीत लागला आणि लागला न लागला तोच संप झाला. गिरणी गेली, लालबाग गेलं, घर भटवाडीला आलं. मूळ गावच्या, देवगडच्या, मंडळाचं मुंबईत वर्षाला एक नाटक व्हायचं, त्यात सरदाराचं काम ठरलेलं बाळाचं. हॉलचा माईक बंद पडला तरी प्रयोग थांबायचा नाही, कारण बाळाचा प्रवेश आला की माईकची गरजच नसायची.

पोटासाठी कुरिअरचं काम धरलं. एकदा अंधेरीच्या एका स्टुडिओच्या दारात वॉचमन पाकीट घेऊन आत सोडीना. बाळाने त्याला आपल्या सरदारी आवाजात चार शब्द सुनावले. आत रेकॉर्डिंग चालू होतं. दोन दरवाजे भेदून ते चार शब्द टेपवर गेले. रेकॉर्डिस्ट तणतणत बाहेर आला, बाळाला वरखाली बघितलं आणि म्हणाला, "पुन्हा ओरड."

त्याला लढाईच्या सीनसाठी ओरडणारे सैनिक कमी पडत होते.

अशी काही वर्षं बाळाकाका गर्दीत मेले. कधी तलवारीने, कधी तोफेने, एकदा डायनासोरच्या पायाखाली. मग एका सिनेमात प्रोसर म्हातारा राजा झाला होता आणि त्याला आवाज देणाऱ्या हिंदी कलाकाराला नेमकी कावीळ झाली. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं प्रोसर म्हणजे बाळा आणि बाळा म्हणजे प्रोसर. काका त्याला 'साहेब' म्हणतात. साहेबाने सर्दी झालेल्या अवस्थेत एखादा सीन केला असेल, तर ते काकांना पडद्यावर बघून कळतं आणि ते काकूंना आल्याचा काढा करायला सांगतात. काढा अर्थातच स्वतःसाठी.

या सगळ्या वैभवाला एकच भोक होतं. रुक्मिणीकाकूंचा यावर विश्वास नव्हता.

नवरा डबिंगला जातो हे त्यांना मान्य होतं. पण टीव्हीवर प्रोसर लागला आणि काका म्हणाले, "ऐक, ह्यो मी," की त्या मान हलवायच्या. "ह्यो तुमचो आवाज नाय. माका सांगतास?"

त्यांचंही चुकत नव्हतं. रविवारचं चरित्र सोडलं, तर काका घरी बोलतच नाहीत. बाहेर ओट्यावर राजा, उंबऱ्याच्या आत मौनी बाबा. आवाज जपायचा असतो म्हणे. हळदीच्या गुळण्या, गळ्याला मफलर, मीठ पाहिजे तर ताटाकडे बोट. पोटमाळ्याच्या फळ्यांतून मला खालचं सगळं ऐकू येतं, म्हणून जबाबदारीने सांगतो. संध्याकाळी कामावरून आले की चपला काढताना एकच वाक्य, अगदी खालच्या पट्टीत, "चाय ठेवतेस काय गो?" आणि काकूंचं ठरलेलं उत्तर, "ठेवलंय. आधी पाय धुवा." संसाराची एवढी वर्षं या दोन वाक्यांवर निघाली. अशा माणसाने टीव्हीवर भरसभेत कोणाला सुळावर चढवायचं फर्मान काढलं, तर कुठली बायको ओळखेल?

"हिंदीत आसा म्हणान तुका वळखाक येणा नाय," काका म्हणायचे. "साहेब एकदा मराठीत बोलूक होयो. मगे बघ."

साहेब मराठीत बोलण्याची शक्यता शून्य होती. आणि मग गेल्या वर्षी प्रोसरने जाहीर केलं की हा आपला शेवटचा सिनेमा. मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीने तो घेतला आणि ठरवलं की हिंदी, तमिळबरोबर मराठीतही काढायचा. काम आमच्याच स्टुडिओत आलं. संवाद मी लिहायचे होते.

काका दोन दिवस ओट्यावरही बोलले नाहीत. एवढा आवाज साठवून ठेवला.

पण कंपनीने अट घातली की दोन आवाजांचे नमुने पाठवा, आम्ही निवडू. दुसरा आवाज केतनचा. बोरिवलीचा पोरगा, नाटकातून आलेला, स्वच्छ मराठी, म्हाताऱ्याचा आवाजही झकास काढतो. काकांना हे कळलं तेव्हा ते मला म्हणाले, "चांगलो आसा पोरगो." मग बराच वेळ मफलर नीट करत बसले. हा सिनेमा गेला तर दुसरा येणार नव्हता, आणि काकूंना ऐकवायचं ते राहून जाणार होतं.

नमुन्याचा सीन साधा होता. प्रोसर खाणीतून निवृत्त झालेला म्हातारा, बहिणीबरोबर राहतो. खाण कधीच बंद पडली आहे. त्या दिवशी खाणीच्या तोंडावरचं, कामगारांचा पाळणा खाली सोडणारं मोठं लोखंडी चाक उतरवतात, ते बघून तो घरी येतो, बूट काढतो, बहिणीला चहा विचारतो आणि सांगतो की चाक उतरवलं. बस्स.

डबिंगची दिग्दर्शिका श्रुतिका. मुलुंडची, वयाने माझ्याएवढी, पण तिच्यापुढे मी आपोआप ताठ बसतो. काच, काचेपलीकडे माईक, माईकपुढे काका. पडद्यावर प्रोसर दारातून आत आला, बूट काढले, ओठ हलवले.

"चहाची व्यवस्था होईल काय?" काका म्हणाले. म्हणाले म्हणजे काय, काच थरथरली. "आज ते चक्र खाली उतरवण्यात आलं. एका युगाचा अस्त झाला!"

शब्द माझे होते, हे सांगायला हवं. मूळ वाक्यात युगबिग काही नव्हतं. पण 'चाक उतरवलं' म्हणून झालं तरी प्रोसरचे ओठ थोडे हलत राहत होते. रिकामे ओठ दिसून चालत नाहीत, म्हणून मी युग भरलं.

श्रुतिकाने बटण दाबलं. "काका, तो चहा मागतोय."

"हां."

"तुम्ही खंडणी मागताय."

पुन्हा केलं. या वेळी युग आणखी जोरात बुडालं. तिसऱ्यांदा श्रुतिका माझ्याकडे वळली. "तुम्ही दोघांनी मिळून या माणसाला शिवकालात नेऊन ठेवलंय. केतनचं सॅम्पल तयार आहे. काकांचं हे असं पाठवलं तर ते लोक ऐकतील आणि हसतील. थोडा ब्रेक घ्या."

बाहेर जिन्यात काका मफलर सोडून बसले होते. मी म्हणालो, "काका, जरा खाली घ्या ना आवाज. तो किती हळू बोलतोय बघा."

"माका दिसता ता." ते इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब थकलो रे. आवाज कसो खाली गेलो बघितलंस मां? पूर्वी ह्यो माणूस असो बोलत नव्हतो. म्हणान मी जरा उचललंय."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"मगे? इतकी वर्सा मी तेच्या आवाजावर जगलंय. आता तेचो आवाज गेलो, तर मी झाकूक नको? लोकांका कळता नये ता."

ज्या नटाला हा माणूस अस्तित्वात आहे याचा पत्ताही नाही, त्या नटाची लाज हा माणूस अंधेरीच्या जिन्यात बसून राखत होता. आणि त्यापायी स्वतःचं काम घालवत होता.

श्रुतिका चहाचा कप घेऊन मागे उभी होती. तिने ऐकलं होतं. ती येऊन खालच्या पायरीवर बसली.

"काका, आवाज गेलेला नाही त्यांचा. हे बघा." तिने मोबाइलवर प्रोसरची मुलाखत लावली. म्हातारा खुर्चीत बसून हसत हसत काहीतरी सांगत होता. श्रुतिका मराठीत सांगत गेली. "ते म्हणतात, लंडनला नाटक शिकायला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं, तुझं हे गावाकडचं बोलणं दारात ठेवून ये. ठेवलं. पुढे सगळे राजे त्या शिकवलेल्या आवाजात केले. या सिनेमात पहिल्यांदा घरच्यासारखं बोललो. हा माझ्या वडिलांचा आवाज आहे. खाण बंद झाल्यानंतरचा."

काकांनी ती मुलाखत पुन्हा लावायला सांगितली. इंग्रजी किती कळलं कोण जाणे, पण ते मान खाली घालून ऐकत होते.

"बापाचो आवाज," ते म्हणाले.

"हो."

जिन्यातून दोनतीन माणसं खालीवर गेली. काकांनी पाय आवरून त्यांना वाट दिली.

"आमचो बाबा लय मोठ्यान बोलायचो," मग ते सांगायला लागले, मला की तिला हे न बघता. "साच्यावर काम केलेली सगळीच तशी. थंय आवाजच इतको, की ओरडल्याबिगर शेजारच्याक ऐकू जाणा नाय. तो घरी येवन पण तसोच. चाय मागायचो तर खालच्या मजल्यावरची चंपामावशी वरडायची, 'ठेवतंय हो!' संप झालो. पयले सगळे आरडतच होते. मग एक दिवस बाबा बाहेरना इलो, चपला काढल्यान, आणि काय तरी बोललो. आयेक ऐकूच गेला नाय. तेच्या तोंडापाशी कान नेवन विचारल्यान, काय म्हणतास? चाय मागी होतो तो."

श्रुतिकाने कप खाली ठेवला.

"तो आवाज मी कधी काढूक नाय," काका म्हणाले. "स्टेजवर चलना नाय तो. मागच्या रांगेक काय ऐकू जातला?"

"इथे मागची रांग नाही काका," श्रुतिका म्हणाली. "माईक तोंडापुढे वीतभरावर आहे. मी उद्या दुपारी सॅम्पल पाठवणार. सकाळी या. आणि तू," हे मला, "ते युग काढ."

संध्याकाळी आम्ही मेट्रोने घाटकोपरला परत आलो आणि चाळीच्या गॅलरीत कागद घेऊन बसलो. श्रुतिकाने एवढंच बजावलं होतं की सगळी मालवणी नको, नागपूरलाही कळलं पाहिजे. म्हणजे गिरणगावातली माणसं मुंबईत बोलायची ते मराठी. पहिलं वाक्य काकांनी मला लिहूच दिलं नाही, ते त्यांना पाठ होतं.

दुसऱ्या वाक्याला आम्ही अडलो. "आज चाक उतरवलं. मग पुढे? ओठ उरतात, काका."

काकांनी मोबाइलवर प्रोसरचे ओठ पुन्हा पाहिले. त्याच्याबरोबर स्वतःचे हलवून बघितले.

"गो," ते म्हणाले.

"काय गो?"

"'आज चाक उतरवलं गो.' बघ बसता काय."

बसला. जिथे मी अख्खं युग कोंबलं होतं, तिथे तो एवढासा 'गो' बरोबर बसला. मी शाळेत मराठीत पहिला यायचो हे वर सांगितलंच आहे, पुन्हा सांगत नाही.

सकाळी काकांनी मफलर बाहेर काढून ठेवला. माईकला जवळजवळ नाक लावून उभे राहिले आणि पडद्यावर प्रोसर आत आला. काकांनी विचारलं ते मला काचेअलीकडे इतकं हळू आलं, की मी पुढे वाकलो. श्रुतिकाही वाकली. एकदाच केलं. तिने दुसऱ्यांदा मागितलं नाही.

आठवड्याने कंपनीचं उत्तर आलं, की मोठ्या वयाचा आवाज पक्का. केतनला प्रोसरच्या भाच्याचं काम मिळालं. तो काकांच्या पाया पडून म्हणाला, "तुमच्यामुळे मामा व्हायचा तो भाचा झालो." काका त्याला कँटीनमध्ये घेऊन गेले. सगळा सिनेमा त्या खालच्या आवाजात करताना काका ओरडण्यापेक्षा जास्त दमायचे. घरी येऊन पाय न धुताच आडवे व्हायचे आणि काकू त्यावरून बोलायच्या.

सिनेमा आला त्या रविवारी दुपारी काकांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारचे, वरचे, समोरच्या चाळीतले. काका खुर्चीत, पांढरा शर्ट घालून, तोंड घट्ट मिटून. आवाज टीव्हीतून येतोय की खुर्चीतून, असा संशय कोणाला नको म्हणून. काकू आत भजी तळत होत्या. सकाळपासून त्यांनी जाहीर केलं होतं, "माका वेळ नाय. ता नंतर बघूया."

सुरुवातीला बराच वेळ प्रोसर काही बोलतच नाही. नुसता चालतो, चाक उतरताना बघतो. लोक चुळबुळायला लागले. कोणीतरी म्हणालं, "बाळा, तुझा डायलॉग कापला काय रे?" काकांनी हाताने 'थांब' केलं.

पडद्यावर दार उघडलं. म्हातारा आत आला. टोपी काढली, वाकून बूट काढले.

"चाय ठेवतेस काय गो?"

"ठेवलंय," आतून काकू म्हणाल्या. "आधी पाय धुवा."

खोलीत कोणी हसलं नाही, कारण पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही. मग एक जण फिसकला आणि सगळी खोली उसळली. काकू झारा हातात घेऊन बाहेर आल्या. काका खुर्चीत. पायात चपला नाहीत, ते बाहेर गेलेलेच नाहीत.

"तुमी बोललात मां आता?"

काकांनी टीव्हीकडे बोट केलं. नेहमीसारखं, मीठ पाहिजे तसं.

पडद्यावरची बहीण चुलीकडे वळली होती. म्हातारा तिच्या पाठीकडे बघत म्हणाला, "आज चाक उतरवलं गो."

काकू तशाच उभ्या राहिल्या. झाऱ्यातलं तेल फरशीवर ठिबकत होतं. कोणीतरी उठून त्यांना जागा दिली, तेव्हा खाली बसल्या. दोनतीन वाक्यं त्यांनी ऐकली.

"मामंजी असेच बोलायचे," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटी शेवटी."

काकांनी मान हलवली.

"आणि तुमी पण."

एवढं बोलून त्या पुन्हा पडद्याकडे बघायला लागल्या. आत कढईतली भजी काळी व्हायला लागली होती. ती काढायला मी उठलो. बाहेर काकू कोणालातरी दटावत होत्या, "गप ऱ्हवा रे जरा. ह्यांका बोलूक द्या."